पूर्ण झालेले टास्क आर्काइव्ह कधी आणि कसे करता? माझ्याकडे ४३०० साठलेत

पानगळ:

नमस्कार मंडळी, गेली सहा वर्षं मी एकच टास्क अ‍ॅप वापरतेय, घरचं ऑफिसचं सगळं त्यातच, एकूण ११ लिस्ट आहेत. टिक केलेलं काहीच आजवर हलवलं नाही की डिलीट केलं नाही, त्यामुळे प्रत्येक लिस्टच्या खाली "पूर्ण झालेले" म्हणून जो भाग असतो तो वाढत वाढत गेलाय आणि काल मोजलं तर सगळे मिळून ४३०० च्या वर निघाले. आता फोनवर मोठी लिस्ट उघडली की दोन-तीन सेकंद नुसता पांढरा स्क्रीन, आणि सर्च तर वापरण्यासारखा राहिलाच नाहीये, "पासपोर्ट" टाकलं की सहा वर्षांतले २२ टास्क येतात आणि त्यातून आत्ता चालू असलेला एक हुडकत बसायचं.

मग डिलीट का करत नाही असं विचाराल. मागच्या महिन्यात पाण्याच्या फिल्टरचं कार्ट्रिज बदलायचं होतं, मॉडेल नंबर काही केल्या सापडेना, बिल सापडेना, आणि शेवटी तो दीड वर्षापूर्वी टिक केलेल्या एका टास्कच्या नोट्समध्ये मिळाला. तेव्हापासून डिलीट बटणाला हात लावायची भीती वाटते. शिवाय वर्षभरात आपण काय काय उरकलं ते निवांत बसून बघायला मला मनापासून आवडतं, कठीण गेलेल्या महिन्यांत त्याचा फार आधार वाटलाय.

माझ्या अ‍ॅपमध्ये आर्काइव्हची सोय आहे, टिक केल्याबरोबर, ठराविक दिवसांनी आपोआप, किंवा आपल्या हाताने असे तीन पर्याय देतं. तुम्ही कुठला वापरता आणि का? दर आठवड्याला रिपीट होणाऱ्या टास्कचं काय करायचं? आणि ज्या कामातले आठ सबटास्क झालेत पण दोन बाकी आहेत त्यातले झालेले आठ हलवायचे की राहू द्यायचे? जरा सविस्तर सांगा, मी या शनिवारी बसून एकदाच सगळं लावायचं ठरवलंय.


टर्मिनल_प्रेमी:

पानगळताई, आधी एक सांगतो, ४३०० हा आकडा मोठा वाटतो पण जागेच्या हिशोबाने काहीच नाहीये. मी टुडू-टीएक्सटी वापरतो, म्हणजे साध्या टेक्स्ट फाइलमध्ये एका ओळीला एक टास्क, २००६ मध्ये जीना ट्रपानी यांनी सुरू केलेली पद्धत आहे. देवनागरीतलं एक अक्षरचिन्ह यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे अक्षरं साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत, ३ बाइट घेतं, तर एका टास्कला ८० चिन्हं धरली तरी ४३०० टास्क म्हणजे साधारण १ एमबी, मोबाइलवर काढलेल्या एका फोटोपेक्षाही कमी. म्हणजे जागेसाठी डिलीट करायचा प्रश्नच येत नाही, प्रश्न फक्त डोळ्यासमोर काय असावं एवढाच आहे.

या पद्धतीत टास्क झाला की ओळीच्या सुरुवातीला छोटा एक्स लागतो, मग स्पेस, मग पूर्ण केल्याची तारीख आणि त्यामागे टास्क तयार केल्याची तारीख. आर्काइव्हची कमांड दिली की एक्स लागलेल्या सगळ्या ओळी मूळ फाइलमधून उचलून डन नावाच्या दुसऱ्या फाइलच्या शेवटी चिकटवल्या जातात, बस, एवढंच आर्काइव्ह. पण त्या दोन तारखा बरोबर जातात हे सगळ्यात मोलाचं आहे, कारण काम कधी डोक्यात आलं आणि कधी संपलं हे दोन्ही कळतं. माझ्याकडे एक काम आहे, चष्म्याचा नंबर तपासून घ्यायचा, लिहिल्यापासून टिक करेपर्यंत २११ दिवस गेलेत. हे डन फाइलमध्ये बघितल्यावर मी तसली कामं लिहितानाच त्यांच्यापुढे ठरलेली तारीख टाकायला लागलो.

एक सावध करतो, टिक केल्यावर टास्कचं प्राधान्य म्हणजे ए बी सी जे काही लावलं असेल ते बरीच अ‍ॅप काढून टाकतात, ते जपायचं असेल तर ओळीच्या शेवटी वेगळं लिहून ठेवावं लागतं.

मी टिक केल्याबरोबर आर्काइव्ह होईल असंच ठेवलंय, स्क्रीनवर फक्त बाकी असलेलं दिसतं आणि मला तेच हवंय.


कोरी_पाटी:

मी असली अ‍ॅप बनवायचंच काम करते त्यामुळे पडद्यामागे काय होतं ते सांगते, कारण शनिवारी बसाल तेव्हा चुकीचं बटण दाबलं जाऊ नये.

पूर्ण करणं, लपवणं, आर्काइव्ह करणं आणि डिलीट करणं या चार वेगळ्या गोष्टी आहेत आणि प्रत्येक अ‍ॅप त्या वेगळ्या नावांनी दाखवतं, गोंधळ तिथेच होतो. पूर्ण केलं म्हणजे टास्कच्या नोंदीत पूर्ण झाल्याची वेळ भरली जाते. लपवलं म्हणजे नोंद आहे तिथेच आहे, फक्त स्क्रीनवर दाखवत नाही. आर्काइव्ह म्हणजे नोंदीवर एक खूण लावतात किंवा ती दुसऱ्या जागी नेतात आणि रोजच्या लिस्टसाठी डेटा आणताना ती वगळतात. तुमची लिस्ट उघडायला वेळ लागतो तो बहुतेक यामुळेच, अ‍ॅप त्या लिस्टमधले बाकी दहा टास्क दाखवायला खालचे हजारभर झालेलेही वाचून काढत असणार. आर्काइव्ह केल्यावर तो फरक लगेच जाणवेल.

आता नावं बघा. ट्रेलोमध्ये कार्ड आर्काइव्ह केलं की ते बोर्डवरून जातं पण परत आणता येतं, आणि कायमचं डिलीट करायचं तर आधी आर्काइव्ह करावंच लागतं, ही रचना मला फार शहाणपणाची वाटते. थिंग्जमध्ये लॉगबुक आहे आणि झालेले टास्क त्यात लगेच जावेत, रोज एकदा जावेत की आपण सांगू तेव्हा जावेत हे सेटिंगमध्ये ठरवता येतं. ऑम्निफोकसच्या मॅकवरच्या आवृत्तीत जुना डेटा वेगळ्या आर्काइव्ह फाइलमध्ये हलवायची सोय आहे. पण गूगल टास्क्समध्ये लिस्टच्या मेनूत पूर्ण झालेले सगळे टास्क काढून टाकायचा जो पर्याय आहे तो खरोखरचा डिलीट आहे, आर्काइव्ह नाही. त्यामुळे बटणावरचं वाक्य पूर्ण वाचा, आणि आधी दोन-तीन खोटे टास्क तयार करून त्यांच्यावर ते बटण वापरून बघा, मग ते परत आणता येतात का ते तपासा. परत आणता आले तरच बाकीच्यांना हात लावा.

रिपीट होणाऱ्या टास्कबद्दल विचारलंत ते फार बरं केलंत, कारण तिथे लोक फसतात. काही अ‍ॅप दर वेळी टिक केलं की झालेला टास्क बाजूला ठेवतात आणि पुढच्या तारखेचा नवा तयार करतात, त्यामुळे प्रत्येक वेळेची नोंद राहते. काही अ‍ॅप मात्र नवीन काही तयारच करत नाहीत, तोच टास्क ठेवून फक्त त्याची तारीख पुढे ढकलतात. दुसऱ्या प्रकारात तुम्ही वर्षभर दर रविवारी झाडांना खत घातलं तरी आर्काइव्हमध्ये एकही नोंद नसेल. तुमचं कुठल्या प्रकारचं आहे ते बघायला रोज रिपीट होणारा एक खोटा टास्क करा, दोनदा टिक करा आणि पूर्ण झालेल्यांत तो दोनदा दिसतो का बघा, दोन मिनिटांचं काम आहे.

अजून एक बारीक गोष्ट, एक्सपोर्ट केलेल्या फाइलमध्ये तारीख एका दिवसाने इकडेतिकडे दिसली तर घाबरू नका. आयकॅलेंडर म्हणून कॅलेंडर आणि टास्कच्या फाइलचा जो फॉरमॅट आहे (त्याचं मानक आरएफसी ५५४५), त्यात टास्क पूर्ण झाल्याची वेळ यूटीसीमध्येच, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेतच लिहायची असा नियम आहे. तुमचं घड्याळ यूटीसीच्या पुढे असेल तर मध्यरात्रीनंतर टिक केलेलं काम फाइलमध्ये आदल्या दिवसाचं दिसतं.


शाईचा_डाग:

कोरी पाटी यांनी छान समजावलंय. पण टर्मिनल प्रेमी, तुमच्या "टिक केल्याबरोबर आर्काइव्ह" ला माझा विरोध आहे, दोन कारणांनी.

पहिलं म्हणजे फोनवर चुकून टिक होते. बोट घसरतं, खिशात स्क्रीन चालू राहतो, आणि टास्क गेला की गेला, अनडूची पट्टी चार-पाच सेकंद दिसते तेवढ्यात लक्ष गेलं तर ठीक. माझा एकदा विम्याचा हप्ता भरायचा टास्क असाच टिक होऊन आर्काइव्हमध्ये गेला आणि मला कळलं ते मुदत उलटून गेल्यावर. त्यानंतर मी सात दिवसांचं अंतर ठेवलंय, म्हणजे टिक केलेलं काम आठवडाभर लिस्टच्या तळाशी खोडलेलं दिसत राहतं आणि मग आपोआप जातं. त्या आठवड्यात एकदा तरी नजर फिरतेच.

दुसरं कारण पानगळ यांच्या तिसऱ्या प्रश्नाशी जोडलेलं आहे. दहापैकी आठ सबटास्क झालेत, ते आठ हलवले तर उरलेल्या दोनांना अर्थच राहत नाही. "सही घेणे" आणि "फोटोकॉपी देणे" एवढंच स्क्रीनवर राहिलं तर तीन महिन्यांनी बघून कळणार आहे का की कशावर सही आणि कोणाला कॉपी? झालेली कामं ही बाकीच्या कामांची पार्श्वभूमी असते. म्हणून मी सुटा टास्क एकेकटा हलवतो पण सबटास्क कधीच एकेकटे हलवत नाही, ते काम पूर्ण संपलं की अख्खं मुळासकट उचलून आर्काइव्हमध्ये टाकतो.

मी ईमॅक्स या टेक्स्ट एडिटरचा ऑर्ग मोड वापरतो, कार्स्टन डॉमिनिक यांनी २००३ मध्ये सुरू केलेला. त्यात एखादं शीर्षक आर्काइव्ह केलं की त्याच्या पोटातलं सगळं दुसऱ्या फाइलमध्ये जातं, फाइलचं नाव मूळचंच फक्त मागे आर्काइव्ह जोडलेलं. आणि जाताना त्याच्यावर चिठ्ठी लावल्यासारखं लिहून ठेवतो, की हे कधी हलवलं, कुठल्या फाइलमधून आलं, तिथे कुठल्या शीर्षकाखाली होतं, आणि हलवताना त्याची स्थिती काय होती. दोन वर्षांनी आर्काइव्ह उघडलं तरी तो टास्क कुठल्या घरचा होता ते कळतं. तुमच्या अ‍ॅपमध्ये हे नसेल तर हाताने करा, आर्काइव्हमध्ये टाकायच्या आधी टास्कच्या नावापुढे लिस्टचं किंवा कामाचं नाव लिहा.


टर्मिनल_प्रेमी:

सबटास्कचा मुद्दा मान्य, माझ्याकडे सबटास्क नसतातच त्यामुळे मला ते कधी जाणवलं नाही. पण चुकून टिक होण्यासाठी आठवडाभर खोडलेल्या ओळी बघत बसणं मला पटत नाही, त्यापेक्षा मी रविवारी डन फाइलच्या शेवटच्या पंचवीस-तीस ओळी वाचतो. पाच मिनिटं लागतात आणि चूक असेल तर तीही सापडते.


शाईचा_डाग:

तुम्ही ते दर रविवारी न चुकता करता म्हणून चालतं. ज्यांना तशी सवय नाही त्यांच्यासाठी सात दिवसांचं अंतर बरं, सवय नसली तरी ते आपलं काम करतं.


मधली_सुट्टी:

मी थोडी वेगळी बाजू मांडते, सगळंच जपायची गरज नाही. मी दर तीन महिन्यांनी आर्काइव्ह उघडून त्यातलं बरंचसं खरंच डिलीट करते. कारण आपण नोट्समध्ये काय काय लिहितो ते एकदा वाचून बघा. तपासण्यांचे रिपोर्ट, दुसऱ्यांचे फोन नंबर, खातं क्रमांक, कोणाशी झालेल्या भांडणानंतर "अमुकला फोन करून माफी मागणे". काम संपल्यावर टास्क डोळ्याआड होतो पण हे सगळं सर्व्हरवर आणि प्रत्येक सिंक केलेल्या फोनमध्ये तसंच पडून असतं. जुना फोन घरात कोणाला दिला तर त्यातही असतं. मी तर एकदा माझ्या नोट्समध्ये पासवर्ड सापडल्यावर इतकी हादरले की त्याच संध्याकाळी सगळे बदलले.

आणि शेअर केलेल्या लिस्ट असतील तर आणखी सांभाळा, बऱ्याच ठिकाणी तुम्ही आर्काइव्ह केलंत की समोरच्याच्या स्क्रीनवरूनही जातं, आणि त्याला वाटतं टास्क डिलीट झाला. मी घरातल्या सामाईक लिस्टमधलं काहीही हलवायच्या आधी विचारते.

मी काय ठेवते तर ज्यात नंबर, तारीख, मॉडेल, माप, किंमत असं काही आहे ते, आणि ज्याचा मनाला अभिमान आहे ते. "दूध आणणे" छापाचे टास्क जपून कोणाचं भलं होणार नाही.


कोरी_पाटी:

प्रायव्हसीचा मुद्दा मी लिहायला हवा होता, बरं झालं तुम्ही काढलात. त्यात एक भर, बहुतेक फोनवरची अ‍ॅप एसक्यूलाइट डेटाबेस वापरतात आणि त्यात नोंद डिलीट केली तरी फाइलचा आकार सहसा लगेच कमी होत नाही, ती जागा नुसती रिकामी म्हणून ठेवली जाते आणि पुढच्या नोंदींना वापरली जाते. शिवाय सिंक असलेल्या अ‍ॅपमध्ये डिलीट केलेल्या टास्कची एक खूण काही काळ ठेवावीच लागते, नाहीतर महिनाभर बंद असलेला टॅब्लेट चालू झाला की तो मेलेला टास्क सगळीकडे परत जिवंत करेल. म्हणून पासवर्ड किंवा तसलं काही असेल तर नुसतं डिलीट करू नका, आधी नोट उघडून तो मजकूर पुसा, सिंक होऊ द्या, आणि मग टास्क डिलीट करा. आणि पासवर्ड बदलाच, ते तुम्ही अगदी योग्य केलंत.


दुपारची_सावली:

मला फक्त एक गोष्ट सांगायचीय, अ‍ॅपमधलं आर्काइव्ह म्हणजे बॅकअप समजू नका. मी जे अ‍ॅप आठ वर्षं वापरत होतो ते बंद झालं. त्यांनी आधी मेल पाठवला होता, मी तो वाचला पण "करू निवांत" म्हणून राहिलं, आणि जेव्हा एक्सपोर्ट केलं तेव्हा त्यात फक्त बाकी असलेले टास्क आले, आर्काइव्हमधलं काहीच नाही, कारण त्यासाठी वेगळी टिक होती ती मी लावलीच नव्हती. परत करायला गेलो तोवर मुदत संपलेली. वडिलांच्या आजारपणातलं दीड वर्ष त्यात होतं, कुठलं औषध कधी सुरू केलं, कोणाला कधी भेटलो, रात्री कोण थांबलं, सगळं टास्कच्या रूपात. ते गेल्याचं मला अजून वाईट वाटतं.

आता मी दर महिन्याच्या पहिल्या तारखेला एक्सपोर्ट करतो आणि फाइल उघडून त्यात एक आर्काइव्ह केलेला टास्क मुद्दाम शोधतो. सापडला तरच फाइल ठेवतो. सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी टेक्स्ट फाइल) असेल तर साध्या स्प्रेडशीटमध्ये उघडते, पण देवनागरी मजकूर असेल तर उघडताना एन्कोडिंग यूटीएफ-८ निवडा नाहीतर सगळी विचित्र चिन्हं दिसतात आणि माणूस समजतो की फाइल खराब आहे.

आणि एक सवय लावून घेतलीय, थोडं मोठं काम टिक करायच्या आधी नोट्समध्ये एक ओळ लिहायची की शेवटी काय झालं. "गिझर दुरुस्त करून घेणे" एवढं आर्काइव्हमध्ये बघून काय समजणार, पण खाली "थर्मोस्टॅट बदलला, टाकी ठीक आहे" असं असेल तर पुढच्या वेळी तेच कामाला येतं. पानगळ, तुमचा फिल्टरचा नंबर सापडला तो अशाच कोणत्यातरी ओळीमुळे ना?


पानगळ:

हो, अगदी तशाच ओळीमुळे, मी तेव्हा घाईत नंबर टाकून ठेवला होता आणि नंतर पूर्ण विसरले होते. दुपारची सावली, वडिलांबद्दल वाचून गलबलून आलं. तुमचं वाचल्यावर शनिवारपर्यंत थांबलेच नाही, काल रात्रीच आधी एक्सपोर्ट केलं. आणि खरंच, माझ्या अ‍ॅपमध्येही पूर्ण झालेले धरायचे की नाही याची वेगळी टिक आहे आणि ती आधीपासून बंद होती!

आज सकाळी बाकीचं केलं. खोटे टास्क करून बघितलं, आर्काइव्हमधून परत येतात. रिपीट होणाऱ्यांचं मात्र कोरी पाटी म्हणाल्या तसंच निघालं, माझं अ‍ॅप फक्त तारीख पुढे ढकलतं. म्हणजे सहा वर्षं दर महिन्याला मीटरचं रीडिंग घेतलं आणि त्याची नोंद कुठेच नाहीये, फार वाईट वाटलं. आता त्या टास्कच्या नोट्समध्येच दर वेळी एक ओळ वाढवतेय, तारीख आणि रीडिंग, टास्क पुढे ढकलला तरी नोट्स तशाच राहतात हे दोनदा करून बघितलं.

सात दिवसांनी आपोआप असं सेटिंग ठेवलंय. झालेल्या जुन्या टास्कपैकी ३६०० एका दमात आर्काइव्ह केले आणि सबटास्कवाली चालू कामं तशीच ठेवली. लिस्ट आता लगेच उघडते. पण सर्चमध्ये आर्काइव्हमधले अजूनही येतायत, ते कसं थांबवायचं?


कोरी_पाटी:

सर्चच्या स्क्रीनवर फिल्टर असं काही चिन्ह आहे का बघा, त्यात "आर्काइव्ह धरून" असा पर्याय असतो, बऱ्याचदा तो आधीपासून चालू असतो. तो नसेल तर चालू कामांना एक टॅग लावा, दोन अक्षरी काहीही, आणि टास्कच्या नावासोबत तो टॅग टाकून शोधा.


पानगळ:

सापडला, सर्चच्या कोपऱ्यात तीन रेघांच्या आत होता. "पासपोर्ट" टाकून बघितलं, एकच आला.


मधली_सुट्टी:

वा! आता त्या ३६०० मध्ये पासवर्ड नाहीत ना तेवढं एकदा शोधून बघा, "पासवर्ड", "पिन" आणि "लॉगिन" हे तीन शब्द टाका, इंग्रजी स्पेलिंगनेही टाका, आणि त्यासाठी तो फिल्टर थोडा वेळ परत चालू करावा लागेल. हां, आणि काल काढलेली एक्सपोर्टची फाइलही तपासा, त्यात काही निघालं तर तिथूनही पुसा.